नैसर्गिक कुटुंबनियोजन : कोणती पद्धत कोणाला झेपेल?

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास जगतं. शुक्राणू मात्र, गर्भाशयाच्या तोंडाशी त्यांना पोसणारा स्राव असेल तर, ५ दिवसांपर्यंत तग धरतात. गोळ्या न घेता, तांबी न बसवता, ऑपरेशन न करता दिवस राहू नयेत म्हणून ज्या नैसर्गिक पद्धती आहेत, त्या जवळजवळ सगळ्या या दोन गोष्टींवर उभ्या आहेत. बीज सुटतं तो दिवस आणि त्याआधीचे ५ दिवस, म्हणजे एका पाळीचक्रात खरे धोक्याचे दिवस ६. पण ते नेमके कुठले, याची खात्री बीज सुटून गेल्यावरच होते आणि तोवर ते दिवस मागे पडलेले असतात.

म्हणून कुठलीही पद्धत समोर आली की मी तिला दोन प्रश्न विचारते. धोका संपला हे तू कशावरून सांगतेस? आणि धोका सुरू झाला हे कशावरून सांगतेस? पहिल्याचं उत्तर काही पद्धती पुराव्यानिशी देतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र सगळ्याच थोड्याफार अंदाजाने देतात. कोणती पद्धत निवडायची हे ठरवताना हा फरक डोक्यात पक्का बसायला हवा, नाहीतर टक्केवारीच्या आकड्यांनी फसायला होतं.

आधी आकडे कसे वाचायचे ते

गर्भनिरोधनाचे आकडे असे देतात : १०० जोडप्यांनी वर्षभर ती पद्धत वापरली तर किती जणींना दिवस राहिले. प्रत्येक पद्धतीला असे दोन आकडे असतात. एक, नियम तंतोतंत पाळले तर. दुसरा, माणसं प्रत्यक्षात जशी वागतात तसं धरून, म्हणजे विसरणं, कंटाळणं, 'आज चालेल' म्हणणं सगळं जमेस धरून. काहीच वापरलं नाही तर १०० पैकी सुमारे ८५ जणींना वर्षभरात दिवस राहतात. कंडोमचे आकडे २ आणि १३. गोळ्यांचे ०.३ आणि ७. तांबीचे दोन्ही आकडे १ च्या आत, कारण एकदा बसवली की रोज करायचं काहीच नसतं.

नैसर्गिक पद्धतींत प्रत्यक्ष वापराचा आकडा पद्धतीनुसार २ पासून २३ पर्यंत जातो. "नैसर्गिक पद्धत चालते का हो?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही ते यामुळेच. कोणती पद्धत, ती कोणाकडून शिकलात आणि घरात दोघांचं एकमत आहे का, यावर उत्तर बदलतं.

'सेफ पिरियड' : सगळ्यांना माहीत, सगळ्यांत कच्ची

जपानचे क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेरमान क्नाउस या दोन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे एकच गोष्ट दाखवून दिली. बीज सुटण्याचं गणित मागच्या पाळीपासून मोजण्यापेक्षा पुढच्या पाळीपासून मागे मोजलं तर जास्त जुळतं. पुढची पाळी येण्याआधी साधारण दोन आठवडे बीज सुटतं. 'पाळीच्या चौदाव्या दिवशी बीज सुटतं' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, पण ते फक्त २८ दिवसांच्या ठरीव चक्राला लागू पडतं, आणि तेही सरासरीने. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, धोक्याचे सगळे दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत बसले अशा स्त्रिया फक्त ३० टक्क्यांच्या आसपास निघाल्या. बाकीच्या सगळ्या त्या ठोकताळ्याच्या बाहेर.

कॅलेंडर पद्धत नीट वापरायची तर निदान ६ पाळ्यांच्या नोंदी हव्यात. सर्वांत लहान चक्रातून १८ वजा करायचे, सर्वांत मोठ्यातून ११. समजा तुमचं लहानात लहान चक्र २६ दिवसांचं आणि मोठ्यात मोठं ३१ चं. २६ वजा १८ म्हणजे ८, ३१ वजा ११ म्हणजे २०. आठव्या ते विसाव्या दिवसापर्यंत, दोन्ही धरून १३ दिवस, संबंध टाळायचे. पाळ्या जितक्या मागेपुढे होतील तितके हे दिवस वाढत जातात. एखादं चक्र २३ दिवसांचं आणि एखादं ३६ चं असेल तर पाचव्यापासून पंचविसाव्यापर्यंत थांबावं लागेल. अशा वेळी पद्धत हातात राहतच नाही.

माझे दोन प्रश्न हिला विचारले तर दोन्हींचं उत्तर ती गेल्या वर्षीच्या वहीतून देते. या महिन्यात शरीरात काय चाललंय ते ती बघतच नाही. प्रवास, आजारपण, परीक्षा, घरातलं दुखणंखुपणं यांमुळे बीज आठवडाभर पुढे गेलं तर कॅलेंडरला त्याचा पत्ता नसतो.

हिचीच सुधारलेली बहीण म्हणजे ठरावीक दिवसांची पद्धत, म्हणजे रंगीत मण्यांची माळ. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात ती विकसित झाली. माळेत ३२ मणी. लाल मणी म्हणजे पाळीचा पहिला दिवस. रोज सकाळी रबरी कडं एक मणी पुढे सरकवायचं. आठव्या ते एकोणिसाव्या दिवसाचे १२ मणी पांढरे, ते धोक्याचे. आकडे ५ आणि १२. वजाबाकी नाही, वही नाही, आणि नवऱ्यालाही एका नजरेत कळतं. पण अट कडक आहे : चक्र २६ ते ३२ दिवसांचंच हवं. वर्षात दोनदा चक्र या चौकटीबाहेर गेलं तर ही माळ ठेवून द्यायची आणि दुसरी पद्धत बघायची. ज्यांची पाळी घड्याळासारखी येते आणि ज्यांना रोजची निरीक्षणं नकोशी वाटतात, त्यांच्यासाठी ही बरी. बाळंतपणानंतर किंवा गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील तर नाही.

स्राव बघायची पद्धत : धोक्याची आगाऊ सूचना देणारी

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये १९५० च्या दशकात जॉन बिलिंग्स आणि पुढे त्यांच्या डॉक्टर पत्नी एव्हलिन बिलिंग्स यांनी या पद्धतीला आकार दिला. पाळी संपल्यावर बहुतेकींना काही दिवस कोरडं वाटतं. मग थोडं चिकट, पिठूळ काहीतरी जाणवतं. बीज सुटायची वेळ जवळ आली की स्राव पातळ, पारदर्शक आणि निसरडा होतो, अगदी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा. दोन बोटांत धरून बोटं अलगद लांब केली तर तार निघते. लघवीला गेल्यावर पुसताना कागद सर्रकन सरकतो, तेवढ्यावरूनही कळतं. बीज सुटून गेलं की एक-दोन दिवसांत हे सगळं आटतं आणि पुन्हा कोरडं वाटू लागतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिच्या भीतीने कित्येक जणी वर्षानुवर्षं घाबरलेल्या असतात. हा तारेसारखा स्राव म्हणजे 'अंगावरून पांढरं जाणं' हा आजार नव्हे. तो शरीर नीट चालल्याची खूण आहे. खाज, जळजळ, घाण वास, हिरवट रंग किंवा दह्यासारख्या गुठळ्या असतील तर मात्र तो संसर्ग. डॉक्टरांना दाखवा, आणि बरं होईपर्यंत त्या स्रावावरून कुठलंही अनुमान काढू नका.

शेवटच्या निसरड्या दिवसाला शिखर दिवस म्हणतात. तो शेवटचा होता हे दुसऱ्या दिवशी, ओलसरपणा गेल्यावरच कळतं. त्यानंतर ३ पूर्ण दिवस सोडायचे आणि चौथ्या दिवसापासून मोकळीक. पाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत एक दिवसाआड आणि तेही रात्रीच संबंध चालतात. कारण आदल्या रात्रीचं वीर्य दुसऱ्या दिवशी बाहेर येतं आणि स्रावाची परीक्षा बिघडवतं. दिवसभर कोरडं होतं हे रात्रीशिवाय सांगताही येत नाही.

या पद्धतीचं मोठेपण हे की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ती शरीराकडून घेते. शुक्राणूंना जगवणारा स्राव आणि आपल्याला दिसणारा स्राव एकच, त्यामुळे इशारा वेळेत मिळतो. पण काटेकोर वापराचा आकडा ३ आणि प्रत्यक्षातला २३. एवढी तफावत का, तर 'ओलसर आहे की नाही' हा निवाडा रोज आपणच करायचा असतो आणि मन झुकलेलं असेल तेव्हा तो कुठल्या बाजूला लागतो हे कोणालाही कळेल. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांनी स्राव सुकतो, वंगण जेलीने खोटा ओलेपणा येतो. एकटीने वाचून शिकण्यापेक्षा शिकलेल्या कोणाकडून २-३ पाळ्या तपासून घेतलेल्या बऱ्या.

हिचीच सोपी आवृत्ती 'दोन दिवसांची पद्धत' म्हणून ओळखली जाते. रोज दोनच प्रश्न : आज काही स्राव जाणवला? काल जाणवला होता? दोन्हींना 'नाही' असेल तरच मोकळीक. पोत, रंग, तार काही बघायचं नाही. आकडे ४ आणि १४. ज्यांना बारीक फरक ओळखण्याची खात्री वाटत नाही त्यांना मी हीच सुचवेन.

तापमान, आणि दोन्ही मिळून

बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि झोपेतून उठतानाचं अंगाचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने चढतं. पुढची पाळी येईपर्यंत ते चढलेलंच राहतं. नुसतं तापमान मोजून पहिल्या प्रश्नाचं उत्तर फार पक्कं मिळतं : धोका संपला. दुसऱ्या प्रश्नावर मात्र ते गप्प बसतं. म्हणून केवळ तापमानावर चालायचं तर पाळी आल्यापासून तापमान चढून स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं, आणि २८ दिवसांच्या चक्रात हाती साधारण १० दिवस उरतात.

स्राव आणि तापमान एकत्र बघितले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. ही दुहेरी पद्धत मी स्वतः बरीच वर्षं वापरली आहे, तेव्हा तिच्याकडे माझा ओढा आहे हे आधीच सांगते. वही प्रत्यक्षात कशी दिसते ते बघा. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा थर्मामीटर उशाशी ठेवायचा. निदान ३ तास सलग झोप झालेली हवी. डोळे उघडल्यावर, अंथरुणातून उठायच्या आत, पाणी पिण्याच्याही आधी मोजायचं. समजा ६ दिवसांचे आकडे असे आले : ३६.४०, ३६.४५, ३६.३५, ३६.४०, ३६.५०, ३६.४०. यातला सर्वांत वरचा ३६.५०. पुढचे ३ दिवस ३६.६०, ३६.६५, ३६.७०. तिन्ही आकडे आधीच्या सहाही आकड्यांपेक्षा वर आहेत आणि तिसरा त्या ३६.५० पेक्षा पूर्ण ०.२ ने वर आहे. म्हणजे चढ खरा. तिसरा आकडा ३६.६५ वरच अडकला असता तर आणखी एक दिवस वाट बघायची. (फॅरनहाइटमध्ये मोजत असाल तर हा ०.२ म्हणजे जवळपास ०.४.) मग स्रावाची नोंद बघायची. शिखर दिवसानंतरचा तिसरा दिवस आणि चढलेल्या तापमानाचा तिसरा दिवस यांतला जो उशिरा येईल, त्या दिवशी संध्याकाळपासून धोका संपला. स्राव आणि तापमान या दोन्ही नोंदींनी 'हो' म्हटल्याशिवाय नाही.

धोका सुरू कधी, याच्यासाठी पाळीचे पहिले ५ दिवस सुरक्षित धरतात. पण ज्यांची चक्रं २५ दिवसांच्या आसपासची आहेत त्यांना तेही पुरे मिळत नाहीत. आणि स्राव आधी दिसला तर त्याच दिवसापासून थांबायचं, आकडेमोड काहीही म्हणो.

जर्मनीत ९०० स्त्रियांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धोक्याच्या दिवसांत संबंध पूर्णपणे टाळलेल्यांमध्ये वर्षाला १०० पैकी ०.४, आणि सगळ्या मिळून १.८ जणींना दिवस राहिले. हा आकडा गोळ्यांच्या पंक्तीला बसतो. पण तो सांगताना हेही सांगायला हवं की त्या स्त्रियांनी ही पद्धत स्वतःहून निवडली होती आणि त्या रीतसर शिकलेल्या होत्या. इंटरनेटवरून अर्ध्या तासात शिकून हा आकडा आपला म्हणता येत नाही.

रात्रपाळी करणाऱ्या, लहान मूल रात्रीतून चारदा उठवतंय अशा, वारंवार ताप येणाऱ्या किंवा नियमित मद्य घेणाऱ्या स्त्रियांचा तापमानाचा आलेख करवतीच्या दातांसारखा येतो. त्यातून काहीच वाचता येत नाही. त्यांनी स्वतःला दोष देऊ नये, ही पद्धतच त्यांच्या दिनक्रमाची नाही.

ॲप आणि पट्ट्या

बहुतेक पाळीची ॲप्स ही कॅलेंडर पद्धतच असतात, फक्त गुलाबी रंगात. मागच्या पाळ्यांची सरासरी काढून पुढचे दिवस रंगवतात. त्यांवर गर्भनिरोधनासाठी विसंबू नका. तापमान घेऊन चालणारं 'नॅचरल सायकल्स' हे वेगळं. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने गर्भनिरोधक म्हणून त्याला परवानगी दिली, १.८ आणि ६.५ या आकड्यांवर. त्याच महिन्यात ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने त्याची 'अत्यंत अचूक' म्हणणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. मला दोन्ही निर्णय पटतात. आकडे वाईट नाहीत, पण जाहिरातीतली सहजता खरी नाही. रोजचं तापमान मोजणं तिथेही टळत नाही.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ओव्ह्युलेशन पट्ट्यांबद्दल फार गैरसमज आहे. त्या बीज सुटण्याच्या साधारण २४ ते ३६ तास आधी इशारा देतात. मूल हवं असणाऱ्यांना ते उत्तम. नको असणाऱ्यांना तो इशारा उशिराचा, कारण तीन दिवसांपूर्वीचे शुक्राणू आत जिवंत असू शकतात. इस्ट्रोजेन या संप्रेरकाची खूणही मोजणारी यंत्रं जास्त आधी सांगतात आणि त्यांवर आधारलेल्या पद्धतीही आहेत, पण दर महिन्याला पट्ट्यांचा खर्च धरून चाला.

अंगावर पाजणाऱ्या आईसाठी

'बाळ अंगावर पितंय म्हणजे दिवस राहत नाहीत' हे तीन अटींवर खरं आहे. १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ इथे तज्ज्ञांनी त्या पक्क्या केल्या. बाळ ६ महिन्यांच्या आतलं हवं. पाळी परत आलेली नको. आणि बाळ फक्त, किंवा जवळजवळ फक्त, आईच्या दुधावर हवं. दिवसा ४ आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त खंड नको. तिन्ही पाळल्या तर ९८ टक्क्यांहून जास्त संरक्षण मिळतं. एक जरी मोडली तरी त्याच दिवसापासून दुसरं साधन हवं. पहिली पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं, त्यामुळे 'पाळी आली की बघू' म्हणणाऱ्या आईला कधीकधी पाळी न येता थेट पुढचं बाळंतपण येतं.

ऐन वेळी बाजूला होणं ही दिवस मोजायची पद्धत नव्हे, पण पुष्कळ जोडपी धोक्याच्या दिवसांत तेच करतात. तिचे आकडे ४ आणि २०. धोक्याच्या दिवसांत कंडोम वापरला तर हिशोब कंडोमचा होतो, आणि तो नेमका सर्वांत वाईट दिवशी फाटू शकतो हे धरून ठेवा.

कोणी या वाटेला जाऊ नये

गर्भाला इजा करणारी औषधं चालू असतील, उदाहरणार्थ फिट्ससाठी व्हॅलप्रोएट, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट, तर तांबीसारखं पक्कं साधन घ्या. हृदयाच्या किंवा इतर आजारामुळे गरोदरपण जिवावर बेतू शकत असेल तरीही तेच. पीसीओएसमध्ये (पाळ्या अनियमित करणारा बीजकोशांचा विकार) निसरडा स्राव पुन्हा पुन्हा येऊन जातो आणि बीज अनेकदा सुटतच नाही. तिथे शरीराच्या खुणा वाचणं फार अवघड. पाळी जाण्याच्या वयातही तसंच. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांपासून यातली एकही नैसर्गिक पद्धत वाचवत नाही.

आणि ज्या घरात बाईच्या 'आज नको' ला किंमत नाही, तिथे यातलं काहीही चालणार नाही. ०.४ चा आकडा दोघांच्या संमतीचा आहे. नवरा ऐकत नसेल तर अशी पद्धत निवडा जिला त्याची परवानगी लागत नाही. तांबी, इंजेक्शन, इम्प्लांट याबद्दल डॉक्टरांशी एकटीने बोला. धोक्याच्या दिवसांत इच्छाही जास्त असते असं अनेक जणी सांगतात, त्यामुळे समजूतदार जोडप्यांनाही हे दिवस सोपे जात नाहीत. महिन्यातून दहा-बारा दिवस थांबणं तुम्हां दोघांना झेपेल का, हे पद्धत ठरवण्याआधी बोलून घ्या.

सुरुवात करणार असाल तर पहिल्या तीन चक्रांत फक्त नोंदी करा आणि तोवर दुसरं साधन वापरा. पाळीचा पहिला दिवस म्हणजे खरं रक्त सुरू झालं तो, नुसता डाग दिसला तो नव्हे. चूक झालीच तर उशीर करू नका : लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकी चांगली, तांबी ५ दिवसांपर्यंत बसवता येते आणि ती जास्त खात्रीची. गोळी घेतलीत तर त्या चक्राचा आलेख विश्वासाचा राहत नाही, पुढची पाळी येईपर्यंत कंडोमशिवाय संबंध नकोत. आणि एरवी नोंदी नीट चालू असताना तापमान चढून १८ दिवस झाले, उतरलं नाही, पाळीही नाही, तर सकाळच्या पहिल्या लघवीने चाचणी करून घ्या.